कॅन्सर हीमवर पोसतो का? लोहाच्या गोळ्या, मटण आणि ऑपरेशनआधी पाजायचं औषध

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूच्या आक्रमक कॅन्सरची, गाठ आहे आणि ऑपरेशन ठरलं आहे. सर्जननी सांगितलं की त्या दिवशी सकाळी एक औषध पाण्यातून पाजू, मग निळ्या उजेडात गाठ लाल दिसेल. हे औषध हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, तयार करणाऱ्या रासायनिक साखळीतलं आहे असं कळल्यावर घरच्यांनी शोधाशोध केली आणि ‘कॅन्सर हीमवर वाढतो’ असं कुठेतरी वाचलं. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हे औषध घेणं सुरक्षित आहे का, लोहाच्या गोळ्या, मटण आणि बीटाचा रस बंद करायचा का, आणि हीम रोखणारं एखादं औषध मिळतं का.

आधी सरळ उत्तर देते. औषध घ्या, त्याने गाठ वाढत नाही. लोहाच्या गोळ्या रक्ततपासणीत कमतरता दिसल्यामुळे दिल्या असतील तर चालू ठेवा. हीम रोखून कॅन्सर बरा करणारं औषध आज उपचारात नाही. मी केमोथेरपी देणारी डॉक्टर आहे. भीतीपोटी गोळ्या बंद केलेले, हिमोग्लोबिन सातवर आल्यावर धाप लागून आलेले रुग्ण मला नेहमी दिसतात, म्हणून हे उत्तर जरा लांबवर लिहिते आहे.

हीम म्हणजे पॉर्फिरिन नावाचं एक सपाट कडं आणि त्याच्या मधोमध बसलेला लोहाचा एक अणू. हिमोग्लोबिनमध्ये हाच अणू प्राणवायू धरतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण हीम फक्त रक्तात नसतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीत, यकृतात औषधं पचवणाऱ्या एन्झाइममध्ये, पेरॉक्साइडचा नायनाट करणाऱ्या कॅटलेजमध्ये, सगळीकडे ते लागतं. त्यामुळे शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःपुरतं हीम बनवते. सर्वात जास्त बनतं अस्थिमज्जेत, त्याखालोखाल यकृतात.

ते बनायला आठ टप्पे लागतात. पहिला आणि शेवटचे तीन मायटोकॉन्ड्रियाच्या आत होतात, मधले चार बाहेर. सुरुवात ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जाचक्रातून येणारं सक्सिनिल-कोए यांच्यापासून होते आणि पहिल्या टप्प्यात तयार होतं ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. डॉक्टर त्याला फाइव्ह-एएलए म्हणतात. लगाम याच टप्प्यावर आहे: पेशीत हीम पुरेसं झालं की हे पहिलं पाऊल आपोआप मंदावतं. शेवटून दुसऱ्या टप्प्यात प्रोटोपॉर्फिरिन तयार होतं आणि अगदी शेवटी फेरोकेलाटेज नावाचं एन्झाइम त्यात लोह बसवतं. झालं हीम.

मोडण्याची वाटही लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम कडं तोडतं, तेव्हा लोह सुटं होतं, थोडा कार्बन मोनॉक्साईड निघतो आणि उरतं हिरवं बिलिव्हर्डिन, ज्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. मुका मार लागल्यावर काळंनिळं पडलेलं चार दिवसांनी हिरवट आणि मग पिवळं होतं, ते याच क्रमाने.

आता ते औषध. ते म्हणजे फाइव्ह-एएलएच. बाहेरून पाजलं की पहिल्या टप्प्यावरचा लगाम कामाचा राहत नाही, कारण तो टप्पाच आपण ओलांडून दिलेला असतो. निरोगी पेशी पुढचं काम उरकून प्रोटोपॉर्फिरिनचं हीम करून टाकते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीत मात्र शेवटच्या टप्प्यावर अडतं. तिथे फेरोकेलाटेज कमी असतं, गाठीजवळचा रक्त आणि मेंदूमधला पडदा फुटलेला असल्याने औषध आत जास्त शिरतं, आणि ते पेशीत ओढून घेणारी प्रथिनंही जास्त असतात. गाळप हंगामात कारखान्याची गव्हाण मंदावली की फाटकाबाहेर उसाच्या गाड्या साठत जातात, तसं प्रोटोपॉर्फिरिन साठत जातं. आणि गंमत अशी की लोह बसलेलं हीम निळ्या उजेडात चमकत नाही, लोह न बसलेलं प्रोटोपॉर्फिरिन चमकतं. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड टाकला की ते ६३५ नॅनोमीटरच्या आसपास लाल उजेड परत देतं. सर्जनच्या मायक्रोस्कोपमधून गाठ लालभडक आणि भोवतालचा मेंदू निळसर दिसतो.

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये याचं मोल फार आहे. ग्लायोब्लास्टोमाची कड साध्या पांढऱ्या उजेडात निरोगी मेंदूसारखीच दिसते. वाल्टर स्टुमर यांच्या गटाने जर्मनीत केलेल्या चाचणीचे निकाल २००६ मध्ये आले. २७० रुग्णांच्या विश्लेषणात, नंतरच्या एमआरआयवर (शिरेतून डाय दिल्यावर) चमकणारा गाठीचा भाग पूर्ण निघालेला होता असे रुग्ण फाइव्ह-एएलए गटात ६५ टक्के, तर साध्या उजेडातल्या गटात ३६ टक्के होते. सहा महिन्यांनंतरही आजार वाढलेला नाही असे रुग्ण ४१ टक्के विरुद्ध सुमारे २१ टक्के. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरी गटानेही या पद्धतीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे.

पण हा आकडा ऐकून अपेक्षा फार उंच नेऊ नका, हे मी प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगते. त्या चाचणीत एकूण आयुष्यमानात ठळक फरक दिसला नव्हता. लाल दिसलं म्हणून सगळं काढता येत नाही. गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या हालचालीच्या केंद्राला चिकटलेली असेल तर सर्जन मुद्दाम थांबतात आणि ते थांबणं योग्यच असतं. कडेला फिकट गुलाबी पट्टा दिसतो, तिथे गाठीच्या पेशी विरळ पसरलेल्या असतात, आणि त्यापलीकडेही काही पेशी असतातच. म्हणून रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी टळत नाही. याच कुळातल्या पण कमी दर्जाच्या, सावकाश वाढणाऱ्या मेंदूच्या गाठींत (ग्लायोमात) तर ही लाली बहुतेक वेळा दिसतच नाही.

औषधाचा डोस वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम, भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी. घ्यायची काळजी उजेडाची. प्रोटोपॉर्फिरिन थोड्या प्रमाणात कातडीतही साठतं, म्हणून पुढचे एक-दोन दिवस थेट ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे, खोलीतला साधा उजेड चालतो. त्याच काळात डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसारखी, उन्हाने कातडी भाजण्याचा धोका वाढवणारी औषधं नकोत. यकृताच्या चाचण्या काही दिवस वर जाऊ शकतात. आणि घरात कोणाला पॉर्फिरिया असेल तर सर्जनना आधीच सांगा, कारण त्या आजारात हीमच्या साखळीचा एखादा टप्पा जन्मतःच लंगडा असतो आणि अशा माणसाला हे औषध द्यायचं नसतं. वडिलांना पूर्वी कधी पोटात असह्य कळा येऊन कारण सापडलं नव्हतं, किंवा उन्हाने हातावर फोड येत असत, असं काही आठवत असेल तर तेही सांगा.

हेच रसायन इतरत्रही वापरलं जातं. त्याचं एक रूप मूत्राशयात सोडून निळ्या उजेडात दुर्बीण घातली की साध्या उजेडात निसटणाऱ्या चपट्या गाठी दिसतात. कातडीवरच्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर ते लावून उजेड टाकला जातो. तिथे उद्देश पाहण्याचा नसून मारण्याचा असतो. उजेडाने उत्तेजित झालेलं पॉर्फिरिन शेजारच्या प्राणवायूला अतिशय मारक रूप देतं आणि पेशी तिथल्या तिथे मरते. याला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात. पॉर्फिरिन आणि उजेड यांची ताकद किती असते हे १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःला २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेऊन दाखवलं. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा भयंकर सुजला. पुढे अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी त्याचा उपचार म्हणून पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी अशा औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. मर्यादा एकच आणि मोठी: उजेड शरीरात फार खोल जात नाही. म्हणून आता उजेडाऐवजी अल्ट्रासाउंडने हेच साधता येईल का, याच्या मेंदूच्या गाठींवर चाचण्या सुरू आहेत.

आता ‘कॅन्सर हीमवर वाढतो’ या वाक्याकडे येऊ. ते निराधार नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या ली झांग यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरपेशी हीम जास्त बनवतात, बाहेरूनही जास्त ओढतात, आणि त्यावर त्यांचा मायटोकॉन्ड्रियातला प्राणवायूचा वापर चालतो. हीम अडवणारं प्रथिन दिल्यावर उंदरांतल्या गाठी मंद वाढल्या. एवढं वाचून थांबलं तर निष्कर्ष सोपा वाटतो: हीम कमी करा.

पण त्याच वर्षी, त्याच अवयवाबद्दल दोन स्वतंत्र गटांचं काम आलं आणि ते नेमकं उलट्या बाजूला बोट दाखवतं. पेशीत बॅक-वन नावाचं एक प्रथिन असतं. मोकळं हीम त्याला चिकटलं की ते नष्ट होतं. मोकळं हीम कमी झालं की बॅक-वन टिकून राहतं आणि कॅन्सरपेशीला हलायला, पसरायला मदत करणारी जनुकं चालू करतं. एका गटाने दाखवलं की काही गाठींत हीम मोडणारं हीम ऑक्सिजनेज वाढलेलं असतं, त्यामुळे मोकळं हीम घटतं, बॅक-वन साठतं आणि गाठ दूर पसरते. स्वीडनमधल्या दुसऱ्या गटाने उंदरांना ‘ई’ जीवनसत्त्व आणि एन-असिटिलसिस्टीन ही अँटिऑक्सिडंट दिली, तेव्हाही मोकळं हीम कमी होऊन बॅक-वन वाढलं आणि फुप्फुसाचा कॅन्सर जास्त पसरला. शिकागो विद्यापीठात तर मार्शा रोझनर यांच्या गटाने स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरच्या उंदरांना हेमिन, म्हणजे हीमचंच औषधी रूप, मुद्दाम दिलं. बॅक-वन घटलं आणि त्या गाठी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाला दाद देऊ लागल्या.

म्हणजे एका कामात हीम अडवून गाठ मंदावली आणि दुसऱ्यात हीम देऊन. दोन्ही कामं चांगली आहेत, एकही खोटं नाही. हीम कमी की जास्त हा मुळात प्रश्नच नाही. त्या विशिष्ट गाठीत साखळी कुठे अडली आहे, कुठे धावते आहे आणि मोडण्याची वाट किती उघडी आहे, हे पाहावं लागतं. ग्लायोब्लास्टोमाच्या औषधाचं यश यातच आहे: तिथे नेमकी अडलेली जागा सापडली आणि तिचाच उपयोग केला गेला.

असं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात गाठ हीम फेकून देण्यासाठी बनवते. काही कुटुंबांत फ्युमरेट हायड्रेटेज या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं असतं. अशा लोकांना कातडीवर आणि गर्भाशयात स्नायूंच्या गाठी होतात आणि काहींना मूत्रपिंडाचा आक्रमक कॅन्सर होतो. एन्झाइम नसल्याने मायटोकॉन्ड्रियातलं ऊर्जाचक्र अर्ध्यावर तुटतं. २०११ मध्ये ग्लासगोच्या बीटसन संस्थेतल्या गटाने दाखवलं की या पेशी साठलेला कार्बन सक्सिनिल-कोएच्या वाटेने हीममध्ये वळवतात, मग हीम मोडून बिलिरुबिन बाहेर टाकतात, आणि या पळवाटेवर तग धरून राहतात. हीम ऑक्सिजनेज बंद केलं की त्या मरतात. निरोगी पेशींना तेवढा त्रास होत नाही. कॅन्सरच्या औषधात आम्ही असंच काहीतरी शोधत असतो. अजून हे प्रयोगशाळेत आहे, पण हीमवर घाव घालायचा तर तो इतका नेमका असावा लागतो.

यकृत आणि प्लीहेतल्या पेशींप्रमाणे गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशीही हीम ऑक्सिजनेज भरपूर बनवतात आणि त्यामुळे तिथली प्रतिकारशक्ती दबते, असंही उंदरांतल्या कामातून दिसतं आहे. त्यावरची औषधं तपासली जात आहेत. त्याहून पुढे आज मी काही सांगणार नाही.

आता लोहाच्या गोळ्या. कॅन्सरपेशी लोह जास्त ओढतात हे खरं आहे. पण तोंडाने घ्यायचं लोह बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. शरीराच्या साठ्यातून ती आपला वाटा काढतेच, उपाशी राहते ती अस्थिमज्जा. हिमोग्लोबिन घसरलं की भूल देणं जोखमीचं होतं, केमो पुढे ढकलावी लागते. रेडिएशनला तर प्राणवायू हवाच असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांत उपचाराचा परिणाम कमी मिळतो, हे आमच्याकडे रोजच्या अनुभवाचं आहे आणि म्हणून तिथे रक्त चढवून ते वर ठेवायचा प्रयत्न होतो.

मात्र प्रत्येक कमी हिमोग्लोबिनला गोळी हे उत्तर नाही. दीर्घ आजारात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्यातून लोह शिरूच देत नाही. तेव्हा गोळ्या गिळून फक्त पोट बिघडतं. शिरेतून लोह द्यावं लागतं. फेरिटिन (लोहाचा साठा किती) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह किती) या दोन तपासण्या करून घ्या. कॅन्सरच्या रुग्णात फेरिटिन १०० च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह खरंच कमी आहे असं आम्ही धरतो. फेरिटिन भरपूर असेल तर लोह देऊ नये. तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं कोणी सुचवली तर ती कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. आजार पूर्ण बरा करण्याचा उपचार चालू असताना ती टाळली जातात. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: पन्नाशीच्या पुढच्या पुरुषात लोहाची कमतरता सापडली तर टॉनिक देऊन थांबू नका. आतड्यातल्या गाठीतून नकळत रक्त जात असू शकतं, दुर्बिणीने तपासून घ्या.

बीटाबद्दल: त्याचा लाल रंग हीमचा नाही आणि त्या रंगाचा लोहाशी संबंध नाही. आवडत असेल तर प्यावा, त्याने हिमोग्लोबिन वाढेल या आशेवर नाही. अळीव, पालेभाज्या, डाळी यांत लोह आहे, पण ते हीममधलं नसल्यामुळे कमी शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर जास्त, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी.

मटणाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे हीम आतड्याच्या अस्तराला थेट लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक आणि लाल मांसाला बहुधा कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. हा मूळ धोक्यावरचा वाढावा आहे, शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नव्हे. हीममुळे आतड्यात नायट्रोसो संयुगं तयार होतात आणि चरबीचं ऑक्सिडेशन होतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. बकऱ्याचं मटण लाल मांसात धरलं जातं. कोंबडी आणि मासे नाहीत. सॉसेज, सलामी, हॅम, आणि मीठ-व्हिनेगरात मुरवून वाळवलेलं गोव्याचं चोरिस हे प्रक्रिया केलेल्यात येतं. आठवड्यातून एकदा मटण खाणाऱ्या घराला मी घाबरवत नाही. तुमच्या वडिलांची गाठ मेंदूची आहे, तिचा या हिशेबाशी काही संबंध नाही. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या काळात त्यांना प्रथिनं हवी आहेत. रविवारी रस्सा मागितला तर द्या.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नाही म्हणते: केमोच्या दिवसांत स्वतःच्या मनाने अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल. वर सांगितलेले उंदरांवरचे प्रयोग हे एक कारण. दुसरं म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत पेशींतलं हीम ऑक्सिजनेज वाढवतं, आणि हे एन्झाइम अनेक गाठींना औषधांपासून वाचवतं. भाजीतल्या हळदीला काहीच हरकत नाही. अर्क काढून भरलेल्या गोळ्या वेगळ्या.

शेवटी आर्टेसुनेट, कारण हीम आणि कॅन्सर असं शोधलं की ते हमखास समोर येतं. मलेरियाचं हे औषध हीमच्या संपर्कात आल्यावरच मारक होतं. मलेरियाचा परजीवी हिमोग्लोबिन खातो म्हणून त्यात ते चालतं. कॅन्सरपेशींतही हीम असतं, तेव्हा काचेच्या बशीत त्या मरतात. माणसांत आतापर्यंत झालेल्या चाचण्या लहान आहेत आणि ग्लायोब्लास्टोमासाठी ते प्रमाणित उपचारात नाही. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड चालू असताना परस्पर सुरू केलं तर रक्तपेशी कशामुळे घसरल्या हेही कळेनासं होतं. कोणी ‘हीम बंद करणारा उपचार’ म्हणून पैसे मागत असेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते; क्रमांक मिळाला तर तो वडिलांच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा, नाही मिळाला तर पैसे देऊ नका.